दुसऱ्या हाफला पाय का उचलत नाहीत? कॉलेजच्या खेळाडूंचे प्रश्न

कॉलेजं सुरू झाली की झोनलचं, म्हणजे आपापल्या विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धांचं, वेळापत्रक लागतं आणि मग आमच्याकडे पत्रं नि मेसेज यायला लागतात. या वेळी बरेचसे प्रश्न एकाच गावचे वाटावेत इतके सारखे होते, त्यामुळे त्यातले निवडक घेतलेत. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

प्रश्न : सर, मी एसवायबीएला आहे, सांगलीकडचा. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये मेन रेडर आहे. पहिल्या हाफला पॉइंट आरामात निघतात पण दुसऱ्या हाफला पाय उचलतच नाहीत. रोज सकाळी ६ किलोमीटर पळतो, एक दिवस चुकवत नाही, तरी असं का होतं?

उत्तर : पळतोस ते चांगलंच आहे, पण फक्त तेवढंच करतोस, आणि तेही रोज त्याच रस्त्यावर त्याच स्पीडने, त्यामुळे शरीर ते ६ किलोमीटर शिकून मोकळं झालंय. आता तुझी रेड बघ. ३० सेकंद, तोंडाने कबड्डी-कबड्डी चालू म्हणजे मनासारखा श्वासही घेता येत नाही, त्यात पुढे-मागे झुकांड्या, एक किक, कोपऱ्यातल्याने पाय धरला तर त्याला ओढत मध्यरेषेकडे झेप. मग परत येऊन डिफेन्सला उभं राहायचं आणि मिनिटभरात पुन्हा रेड. सकाळच्या पळण्यात यातलं काय येतं? दिशा बदलणं नाही, झटका नाही, कुणाला ओढणं नाही.

स्नायूत झटक्यासाठी जो तयार साठा असतो तो जेमतेम १० सेकंद पुरतो. संपला की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पण बऱ्यापैकी पूर्ण भरायला ३ मिनिटं किंवा जास्तच लागतात, आणि तो भरायचं काम ऑक्सिजनवर चालतं. म्हणजे तुझं पळणं वाया जात नाही, दोन रेडच्या मधे तू किती पटकन सावरतोस ते त्यावरच ठरतं. म्हणून पळणं बंद करू नको, फक्त आठवड्यात दोन दिवसांवर आण, ३०-४० मिनिटं, आणि इतकं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा थांबल्या म्हणजे स्पीड जास्त झाला. पोरांना हे हळू पळणं फार कमीपणाचं वाटतं, पण सोप्या दिवशी जीव काढला तर कठीण दिवशी काढायला काही उरत नाही, आणि मग आठवडाभर सगळंच मधल्यामधे होतं.

कठीण दिवस आठवड्यात दोनच. मॅटवर नाहीतर मातीत, मध्यरेषेवर उभा राहा. निदानरेषा तिथून ३.७५ मीटरवर आहे आणि बोनस रेषा त्याच्या पुढे १ मीटर. निदानरेषेला हात लावून मागे, मग बोनसला हात लावून मागे, परत निदानरेषा, असं ३० सेकंद पूर्ण ताकदीने, आणि मध्यरेषेचे धरून एकूण किती टच झाले ते मित्राला मोजायला सांग. मग ९० सेकंद नुसतं चाल. अशा ६ रेड म्हणजे एक सेट. सेट झाला की ४ मिनिटं विश्रांती आणि दुसरा सेट. पहिले तीन आठवडे दोनच सेट, मग तिसरा. टच वहीत लिहायचे. पहिल्या रेडला २० झाले आणि आता १७ वर आलास तर त्या दिवसाचं काम संपलं, घरी जायचं, कारण त्यापुढे तू रेडची नाही, दमून रेड करायची प्रॅक्टिस करतोयस. पाचव्या-सहाव्या आठवड्यात शेवटची रेड पहिल्याच्या जवळ यायला लागते, वहीत सरळ दिसतं, मला विचारायची गरज पडत नाही.

ताकदीसाठीही दोन दिवस. जिम असेल तर स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, आणि एक पाय मागे बाकावर ठेवून एका पायावरच्या बैठका. जिम नसेल तर रडत बसू नको, तुमच्या भागात तालमी आहेत, जोर-बैठका आहेत, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन चालणं आहे. फक्त एक लक्षात घे, ५०० बैठका मारणं ही दमाची प्रॅक्टिस झाली, ताकद वाढवायची तर वजन इतकं हवं की ६-८ बैठकांत मांड्या बोलल्या पाहिजेत. दोघांनी हातात हात घालून, म्हणजे चेन करून, तुला धरलंय आणि तू दोघांना घेऊन रेषेवर पडतोस ते या कामातून येतं.

म्हणजे दोन दिवस हळू पळणं, दोन दिवस रेड, दोन दिवस ताकद, रविवारी काही नाही. टीमची प्रॅक्टिस रोज असेलच, त्यामुळे ज्या दिवशी सामना खेळवतात त्या दिवशी वेगळा रेडचा सेट मारू नको. आणि हे सगळं सिलेक्शन लागल्यावर सुरू करायचं नसतं. आपल्याकडे नोटीस बोर्डावर तारीख लागली की पोरं पळायला सुटतात आणि पंधरा दिवसांत मांडी धरून बसतात. वार्षिक परीक्षा संपली की दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करायची, तेव्हा कुठे सप्टेंबरात काही दिसतं.

प्रश्न : आम्ही मॅचआधी खाली बसून एकेक पाय दोन-दोन मिनिटं ताणून धरतो. एक सिनियर म्हणाला त्याने उलट ताकद कमी होते. खरंय का? (फुटबॉल, नागपूर)

उत्तर : खरंय, थोडी कमी होते. एकच स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला आणि लगेच उडी मारायला नाहीतर स्प्रिंटला लावला तर जोर किंचित उतरतो. ते ताणणं संध्याकाळी घरी करा. मॅचआधी हलतं वॉर्म-अप करायचं, म्हणजे हळू पळणं, गुडघे वर, लंज, आडवं पळणं, शेवटी दोन-तीन स्प्रिंट. फुटबॉलवाल्यांना तर तयार पाककृतीच आहे, फिफाचा ११ प्लस नावाचा २० मिनिटांचा वॉर्म-अप, चित्रांसकट फुकट मिळतो. आठवड्यात किमान दोनदा नेमाने करणाऱ्या टीममध्ये दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झालेल्या दिसल्यात. पण आपल्याकडे २० मिनिटं वॉर्म-अप म्हटलं की सगळ्यांना ग्राउंडची वेळ संपेल अशी धास्ती वाटते, आणि तीच पोरं मॅचआधी टॉस होईपर्यंत अर्धा तास रील बघत बसलेली असतात.

प्रश्न : सर मी बीड जिल्ह्यातला, टीवाय बीकॉम. कॉलेजकडून १५०० मीटर पळतो आणि सोबत पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० ला ५ मिनिटं ५० सेकंद लागतात, ५:१० च्या आत यायचंय. आमच्या ग्राउंडवरची काही पोरं टायमिंगच्या दिवशी एक इंजेक्शन घेतात, ३०-३५ सेकंद सहज कमी होतात म्हणतात. एकदाच घेतलं तर काय होतं?

उत्तर : आधी इंजेक्शनचं बोलू, कारण हा प्रश्न मला एकट्या बीडमधून येत नाही. ते बहुतेक मेफेंटरमाइन असतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर ते वर आणायला डॉक्टर वापरतात ते औषध, तेही मॉनिटर लावून, बाजूला माणूस उभा करून. तू ते ग्राउंडच्या कडेला, मित्राच्या हातून, डोस न कळता घेणार आणि त्यावर जिवाच्या आकांताने १६०० पळणार. आधीच पळताना हृदय टोकाला असतं, त्यात हे औषध ठोके आणि बीपी अजून वर नेतं, आणि थकवा लपवतं, म्हणजे थांब म्हणून सांगणारी जी सोय शरीरात आहे तीच बंद होते. हृदयाचे ठोके बिघडून पोरगं जागेवर जाऊ शकतं. शिवाय सवय लागते, मग टायमिंगच्या दिवसापुरतं म्हणून घेतलेलं प्रॅक्टिसलाही लागतं. चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. आणि तू कॉलेजकडून पळतोस ना, स्पर्धेतल्या डोपिंगच्या बंदी यादीत हे नाव आहे, एका सुईत करिअर संपेल. कुणी घेतलंच असेल आणि छातीत धडधडत असेल, डोकं फुटेल असं वाटत असेल तर झोपून राहू नका, दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं नाव सांगा, लाजू नका.

आता ४० सेकंदांचं बघू. १६०० म्हणजे ४०० चे चार राउंड. तू आत्ता सरासरी साडेसत्याऐंशी सेकंदाचा राउंड मारतोस, ५:१० ला साडेसत्त्याहत्तरचा लागतो. राउंडमागे १० सेकंद, हे पंधरा दिवसांचं काम नाहीच, चार-सहा महिने धर. आठवड्यात एक दिवस ४०० चे ६, प्रत्येक ८४ सेकंदात, मधे २ मिनिटं चालणं. सहाही ८४ मध्ये बसले पाहिजेत, पहिला ७५ आणि शेवटचा ९५ असं केलंस तर ते धरायचंच नाही. तीन आठवड्यांनी ८२, मग ८०, मग ७८. जमत नसेल तर अजून एक आठवडा तिथेच थांब. दुसऱ्या एका दिवशी २० मिनिटं सलग अशा स्पीडने की दोन-तीन शब्दच बोलता येतील. रविवारी ८ ते १० किलोमीटर गप्पांच्या स्पीडने. बाकी दिवस थोडं हळू पळणं, एक पूर्ण सुट्टी, आणि दोनदा ताकदीचं, ज्यात पोटऱ्या नि मांडीची मागची बाजू आलीच पाहिजे. गोळाफेकीलाही ते लागेलच, भरतीला पोरांचा गोळा ७.२६० किलोचा असतो आणि नुसतं पळून काटक्या झालेल्या पोरांचा तो पुढेच जात नाही.

टायमिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त मार्क पहिल्या राउंडला जातात. शिट्टी वाजली की घोळका सुटतो, आपणही सुटतो, ७० चा राउंड पडतो, दुसऱ्याला बरं वाटतं आणि तिसऱ्याला पायात सिमेंट. ७८ चा राउंड मारताना सुरुवातीला वीस-पंचवीस जण पुढे दिसतील, जाऊ देत, त्यातले बरेच तिसऱ्या राउंडला भेटतात. घड्याळ लावून हे आधी सात-आठ वेळा प्रॅक्टिस केलेलं असलं पाहिजे, त्या दिवशी डोकं चालत नसतं. आणि मोजलेल्या जागेवर पळ. फोनचं अॅप वळणावर गंडतं, ग्राउंड एकदा टेपने मोजून चुन्याची खूण कर. डांबरी रस्त्यावर रोज अनवाणी पळणं बंद, नडगी दुखायला लागली की दोन महिने जातात.

तुमच्याच जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला ड्युटी केली आणि स्पर्धेसाठी पळायला त्यानंतर लागला. जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदात पळाला, राष्ट्रीय विक्रम. म्हणजे विशीत सुरुवात केली म्हणून उशीर झाला असं काही नसतं, वर्षं मात्र द्यावी लागतात.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या खो-खो टीममध्ये आहे. सीझनसाठी वजन कमी केलंय, भात-पोळी जवळपास बंद. चार महिने पाळी आली नाही. तिच्या ग्राउंडवर सगळे म्हणतात खेळाडू मुलींचं असं होतं, उलट बरंच. गुडघाही दुखतो. काळजी करावी का? (सातारा)

उत्तर : हो ताई, करायला पाहिजे, आणि ‘उलट बरंच’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. खेळात जितकी ताकद खर्च होते तितकं पोटात जात नसेल तर शरीर एकेक खातं बंद करत जातं, त्यात पाळी आधी बंद होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला रेड-एस (RED-S, खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची कमतरता) असं नाव दिलं. यात हाडं ठिसूळ होतात, सारखं आजारपण येतं, आणि गंमत म्हणजे ज्यासाठी वजन कमी केलं तो स्पीडही कमी होतो. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरकडे जायचं, तुमचे चार झालेत, या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासायचं का तेही विचारा, नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं तरी लोहाचा साठा कमी असू शकतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे, २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीतला हा आकडा, त्यामुळे खेळणारी पोरगी त्यात नसेल असं धरून चालू नका.

भात-पोळी आजपासून परत सुरू. प्रॅक्टिसच्या आधी तासभर केळं नाहीतर गूळ-पोळी, झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट जेवण. वजनकाट्यावर रोज उभं राहणं बंद करा.

गुडघ्याचं असं, की उडी मारून खाली येताना मुलींचा गुडघा आत वळायची शक्यता जास्त, आणि गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत बरंच जास्त आहे. खो-खोत तर पाटीवरून झटक्यात उठून पळायचं, खांबाला वळसा, पळतीच्या मागे एकदम दिशा बदलायची. तिला फुटभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढा. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तेच कारण असू शकतं. सूज असेल, गुडघा अडकत असेल, मधेच सटकल्यासारखा वाटत असेल तर आधी हाडांचे डॉक्टर, व्यायाम नंतर. तसं काही नसेल तर एका पायावर खुर्चीत हळू बसणं-उठणं, एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, एका पायावर टाच वर करणं, आणि पायरीवरून उतरायचाच सराव, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. आरशासमोर, आठवड्यात तीनदा. महिना-दीड महिन्यात फरक दिसतो. पण खाणं वाढल्याशिवाय हे काहीच टिकणार नाही.

प्रश्न : लातूरला हॉस्टेलवर राहतो, वजन ६२ किलो, व्हॉलीबॉल खेळतो. जिमवाले सर म्हणतात मास गेनर (वजन वाढवायची पावडर) आणि व्हे (प्रोटीन पावडर) दोन्ही घे, महिन्याचे चार हजार सांगितले. मेसच्या जेवणावर बॉडी होणारच नाही का?

उत्तर : चार हजार घरी पाठव. खेळाडूला दिवसाला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे तुला ९० ते १२० च्या आसपास. मोजू या. ४ अंडी २४ ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम, भिजवून मेसच्या भाजीत टाक, २६. शेंगदाणे ५० ग्रॅम, १२. फुटाणे ५० ग्रॅम, १०. झाले ८८, आणि मेसचं वरण, उसळ, पोळ्या, दही धरून अजून २५-३० सहज. अंडी खात नसशील तर दूध नि पनीर वाढव. मास गेनर म्हणजे बराचसा साखर-पिठाचाच डबा असतो, त्यापेक्षा दोन केळी आणि एक भाकरी जास्त खा.

व्हे विष नाही, दुधापासूनच बनते, वेळ नसेल त्याची सोय. ज्याच्या मागे खरंच भरपूर अभ्यास आहे ते म्हणजे क्रिएटिन, झटक्याच्या ताकदीसाठी घेतात ती पावडर, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, पण तू अजून वर्षभर नीट जेवलेलाच नाहीस, त्याची घाई कशाला. उघडा डबा, बिनलेबलची पुडी, ‘सरांचा स्पेशल पावडर’ हे काही घ्यायचं नाही. डोपिंगच्या नियमात शरीरात सापडलं ते खेळाडूच्या माथी, डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं हे चालत नाही. साधं सर्दीचं औषध घेतानाही नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, ‘नो युवर मेडिसिन’ (Know Your Medicine) अॅपवर नाव टाकून बघायची सवय लाव.

प्रश्न : रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास आणि पहाटे पाचला ग्राउंड. अजून काय वाढवू म्हणजे स्पीड येईल? (पुणे)

उत्तर : झोप. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री १० तास अंथरुणात राहायला लावलं होतं, २०११ ला तो अभ्यास छापून आला. बाकी प्रॅक्टिस तीच ठेवून त्यांचा ठरावीक स्प्रिंट सरासरी १६.२ वरून १५.५ सेकंदांवर आला आणि फ्री थ्रोचा नेम ९ टक्क्यांनी सुधारला. तू चार तासांवर चाललायस. १० नको, ८ कर. पहाट सोड आणि संध्याकाळी ग्राउंडवर जा, पहाटेच पळलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

प्रश्न : आमची इंटरझोनल (झोनलच्या पुढची स्पर्धा) १० दिवसांवर आलीय, ४०० मीटर आणि रिले. आता शेवटचा जोर लावायचा तर काय वाढवू? (अहिल्यानगर)

उत्तर : काही वाढवू नको, कमी कर. या १० दिवसांत जे नवीन करशील त्याचा फायदा स्पर्धा झाल्यावर मिळेल आणि थकवा मात्र स्पर्धेत. अंतर आणि सेट जवळपास निम्म्यावर आण पण स्पीड तसाच ठेव, म्हणजे २०० चे सहा मारत असशील तर तीन मार, पण त्याच टायमिंगने, मधे भरपूर विश्रांती घेऊन. दोन-तीन टक्के फरक पडतो, ५४ सेकंदांच्या ४०० ला तो सेकंदाच्या वर जातो आणि तेवढ्यात मेडल इकडचं तिकडे होतं. जिमला एकदा हलकं जा, शेवटचे चार दिवस नाही. पाय मोकळे वाटायला लागले की उगाच ताकद तपासायला मित्राशी रेस लावू नको. रिलेची बॅटन देवाणघेवाण मात्र रोज कर, हळू स्पीडने सुरू करून शेवटी दोन पूर्ण स्पीडच्या, त्याने दमायला होत नाही. नवे स्पाइक घालायचे असतील तर आजच घालून बघ. आणि पात्रता फॉर्मवर प्राचार्यांची सही झालीय का ते उद्या ऑफिसात जाऊन स्वतः बघून ये.